एक्केचाळीस ओली डोकी

४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की तुझ्या वृद्धाश्रमातल्या बाकी सगळ्या बायकांना ऐकू जातं. म्हणून हे पत्र.

तुझी खुर्ची मला अजून मोठीच होते. सत्तावीस वर्षं तू या सागरी उद्यानाची रखवाली केलीस. त्यामुळे कुणीही आलं की आधी माझ्या खांद्यावरून मागे बघतं, तू कुठे दिसतेस का म्हणून. बाकी सगळं तू ठेवलंस तसंच आहे. दिवसाला चाळीस पाहुणे, एक जास्त नाही. प्रत्येकाच्या गळ्यात फळ्यावरचा नंबराचा पितळी बिल्ला. नांगर टाकायचा नाही, बोट तरंगत्या बोयालाच बांधायची. पोवळ्यावर पाय ठेवला की तो माणूस पाण्याबाहेर. काल एक गृहस्थ अंगभर ते पोवळं मारणारं उन्हाचं मलम फासून आले. त्यांना मी नळाखाली उभं केलं तर म्हणतात, "दहा वर्षांपूर्वी तुमच्या आत्याबाईंनीही मला असंच धुतलं होतं."

आणि तुझ्या त्या दोन मोजण्या. माणसं पाण्यात असताना पाण्यावर आलेल्या, श्वास घ्यायच्या नळ्या मोजायच्या, आणि परतल्यावर बोटीतली ओली डोकी मोजायची. कोरडा तो आपला, ओला तो पाण्यातला. चाळीस पाहुणे आणि त्यांना फिरवणारी वाटाडी बाई मिळून एक्केचाळीस. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

तर आत्या, माझे आकडे जुळत नाहीत. गेल्या तीन आठवड्यांत पाच वेळा नळ्या बेचाळीस आल्या आणि डोकी एक्केचाळीस. प्रत्येक वेळी तासभर बोट थांबवून शोधाशोध. पाहुणे कावतात, तांडेल सुकाणू धरून दुसरीकडे बघतो. कुणीतरी चोरून आपल्या हद्दीत पोहतंय असा माझा संशय आहे. सापडू दे, मग बघते.

दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या कार्यालयाने डिसेंबरअखेर माझी शिफारस मागवली आहे. पूर्वेची बाजू तू पहिल्याच वर्षी माणसांना बंद करून निजवलीस, तिथे आजवर कुणाचं पाऊल पडलेलं नाही. पश्चिमेची बाजू मात्र माणसांनी दमली आहे, पोवळ्यांची टोकं पांढरी पडायला लागली आहेत. मी लिहिणार आहे की आता पश्चिम निजवा आणि पूर्व उठवा. तुझ्याच शिकवणीतलं आहे, तेव्हा शाबासकी पाठव.

तुझी,
टिटवी


११ ऑक्टोबर

प्रिय टिटवी,

तुझं नाव मी उगाच नाही ठेवलं. तीन वर्षांची असल्यापासून काही दिसलं की आधी ओरडायचीस, मग बघायचीस.

नळ्या मोजताना एकच नळी दोनदा धरत असशील. पाणी हलतं, माणसं हलतात, तुझं लक्ष कुठेतरी भलतीकडे. एका टोकापासून सुरू कर आणि मध्ये कुणाशी बोलू नकोस. इथे आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही पाचजणी आहोत, आणि त्यातली एक रोज मोजून चार सांगते. स्वतःला विसरते बिचारी. मोजणी ही भल्याभल्यांची फजिती करणारी गोष्ट आहे.

पूर्वेच्या बाजूबद्दल मात्र माझं ऐक. ती उठवू नकोस. पश्चिम दमली असेल तर पाहुणे कमी कर, एक दिवस आड कर, बोटवाल्यांशी भांड. मी आयुष्यभर भांडले, तूही भांड. पूर्वेला हात लावू नकोस. कारण विचारशील, तर तिथलं पोवळं नाजूक आहे.

बेचाळीस आले त्या दिवशी बोट कुठल्या बोयाला होती? शेवटच्या का? आणि शिडी वर घेताना काही आवाज होतो का? सहज विचारते आहे.

गुडघे बरे आहेत. खिडकीतून भिंत दिसते. सत्तावीस वर्षं पाणी बघितलं, आता भिंत बघायची.

तुझी,
आत्या


१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आवाजाचं तुला कसं कळलं?

मी ते तुला लिहिलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण लोक म्हणतील हिला खुर्ची झेपली नाही. होय, बोट शेवटच्या बोयाला होती, पाचही वेळा. तिथून पूर्वेची हद्द जेमतेम वीस हात आहे. आणि होय, सगळे वर आले, शिडी ओढायला हात घातला, की खालून दोनदा टकटक होते. लाकडावर बोटाची पेरं वाजवावीत तशी. दोनदाच. मी वाकून बघते, खाली नुसतं हिरवं पाणी.

माझं लक्ष भलतीकडे नसतं. तरी तुझं मानून मी एक युक्ती केली. सगळ्या नळ्यांना पिवळी पट्टी चिकटवली, वाटाडीच्याही. काल पाण्यात एक्केचाळीस पिवळ्या पट्ट्या मोजल्या. बेचाळिसावी नळी सगळ्यांच्या मागे होती, बिनपट्टीची. काळी रबरी, जुन्या तऱ्हेची, तसल्या आता मिळतही नाहीत. ती पाहुण्यांच्या मागोमाग संथपणे येत होती. कुणी मागे पडलं की तीही थांबायची. वाटाडी जशी कळप राखते ना, तशी. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

तांडेलाला दाखवली. त्याने बघितली, आत्या. बघितली आणि मान फिरवली. म्हणाला, "तुमच्या आत्यांना विचारा. मी या बोयाला आजपासून दोर बांधणार नाही." तीस वर्षं या बोटीवर काढलेला माणूस, वादळात जांभया देणारा. तो दोर गुंडाळून बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

काय विचारू मी तुला?

टिटवी


२ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

तांडेल म्हातारा झाला. त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.

शेवटचा बोया काढून टाक, म्हणजे झालं. जुना झाला आहे असं लिही. आणि शिफारशीसाठी म्हणून पूर्वेला पाण्यात उतरायचं तुझ्या मनात असेल, तर उतरू नकोस. माझी शपथ आहे असं समज. तुझी आई गेल्यावर मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे एवढं मागते.

इथे थंडी पडायला लागली.

आत्या


१४ नोव्हेंबर

आत्या,

मी उतरले. तुझी शपथ मोडली, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. का ते पुढे वाच.

वाटाडी आणि मी, भर दुपारी, स्वच्छ पाण्यात. आत्या, तिथे काय पोवळं आहे! मी एवढी वर्षं हे पाणी बघते आहे, पण असं कधी बघितलं नाही. जांभळं, केशरी, पिवळं, हाताच्या पंजापासून दारापर्यंत सगळ्या मापाचं. मासे आम्हाला घाबरत नव्हते. मला रडू आलं आणि चष्म्यात पाणी साठलं.

चार पुरुष उंचीएवढ्या खोलीवर एक गंजलेला नांगर आहे. कुणाचा तरी, फार जुना, दगडात अडकलेला. पोवळं त्याच्यावर चढून गेलं आहे. नांगराच्या दांड्याजवळ काहीतरी चमकलं, म्हणून मी तोंड जवळ नेलं. पितळी बिल्ला होता. अर्धा पोवळ्यात बुजलेला, अर्धा बाहेर. नंबर नाही. दोन भोकं.

नंबराशिवायचा, दोन भोकांचा बिल्ला एकच होता. घरातल्या फोटोत बाबांच्या गळ्यात आहे तो. बाबा तुझे वाटाडे होते, म्हणून त्यांना नंबर नव्हता.

तू आम्हाला सांगितलंस, तुझ्या धाकट्या भावाने एक दिवस बिल्ला फळ्यावर टांगला आणि मालवाहू जहाजावर निघून गेला. मी चार वर्षांची होते. फळ्याच्या शेवटच्या खिळ्याला तो बिल्ला अजून आहे. आई दर महिन्याला तुझ्या कार्यालयात यायची आणि त्याला बोट लावून जायची. मी आज तो काढून बघितला. मागची बाजू कोरी करकरीत आहे, गळ्यात घातल्याची एक खूण नाही.

फळ्यावर टांगलेला बिल्ला कुणाचा आहे, आत्या?

खालचा मी आणला नाही. आणायचा तर पोवळं फोडावं लागलं असतं. आम्ही वर निघालो, तेव्हा बोटीच्या बुडाला टकटक झाली. दोनदा. पाण्याखाली ती फार मोठी ऐकू येते. बुडाशी कुणी नव्हतं.


२२ नोव्हेंबर

टिटवी,

फळ्यावरचा बिल्ला मी करवून घेतला. तुझ्या आईला दाखवण्यासाठी.

आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा हात चालणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते आहे.

उद्यान सुरू होऊन आठ महिने झाले होते. बोटवाले चिडलेले, सुरुंग लावून मासे मारणारे टपलेले. एक चूक झाली की गाशा गुंडाळा, असं वरून मला सांगितलेलं. मोजणी तेव्हा एकच होती, परतल्यावरची. ओली डोकी मोजायची. चाळीस पाहुणे आणि तुझा बाप, एक्केचाळीस. मी बोटीवर असायचे, कोरडी. मी मोजणारी, म्हणून मोजणीत नाही.

तुझ्या बापाची एक खोड होती. सगळ्यांना वर चढवून तो शेवटी शिडीवर दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "आणि मी." मग वर यायचा. तू लहानपणी घराच्या दारावर तसंच वाजवायचीस.

त्या दिवशी एक बाई पाण्यात घाबरली आणि हातपाय झाडायला लागली. मी होते तशी उडी मारली, तिला धरून शिडीपर्यंत आणलं. त्याच वेळी कुणाचा तरी नांगर पूर्वेच्या पोवळ्यात अडकलेला धाकट्याने बघितला होता. त्याने मला हात करून सांगितलं, सोडवून येतो. मी मान हलवली. मान हलवलेली मला आठवते. मग वारा उठला, लाटा वाढल्या, ती बाई ओकायला लागली, एकच तारांबळ. मी बाकावर टॉवेल गुंडाळून बसले आणि बसल्या जागेवरून ओली डोकी मोजली. एक्केचाळीस झाली. तांडेलाला म्हटलं, चल.

मी ओली होते गं. मी स्वतःला मोजलं.

धक्क्यावर बिल्ले परत घेताना कळलं. तासाभरात आम्ही परत गेलो, तांडेल आणि मी. चार दिवस शोधलं, तो मिळाला नाही. तांडेलाने तोंड उघडलं नाही, मी त्याला हात जोडले होते म्हणून. मी म्हटलं, माणूस तर गेला, आता उद्यानही गेलं तर त्या नांगरांसाठी सगळं रान मोकळं होईल. असं मी स्वतःला समजावलं. खरं तर माझी पाचावर धारण बसली होती. तुझ्या आईला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं. दाखवलं आणि खोटं बोलले. ती शेवटपर्यंत मला "वन्सं" म्हणून मान देत राहिली आणि नवऱ्याला दोष देत राहिली.

पूर्वेची बाजू मी पोवळ्यासाठी निजवली नाही. तिथे कुणी उतरू नये, त्याला कुणी बघू नये म्हणून निजवली. पोवळं आपोआप वाढलं. लोकांनी त्याचं मला श्रेय दिलं, मी भाषणं केली. दुसरी मोजणी त्यानंतर आणली.

तो टकटक करतो हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. शेवटच्या बोयाला मी बोट बांधूच देत नव्हते. तुला सांगायला हवं होतं. जमलं नाही.


२० डिसेंबर

आत्या,

महिनाभर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं ते फाडावं लागलं.

आईने त्यांचे कपडे वाटून टाकले होते, तुला माहीत आहे? मी परीक्षेत पहिली आले तेव्हा म्हणाली, "हे बघायला थांबायचं नव्हतं त्याला." मी सव्वीस वर्षं त्या माणसाचा राग केला. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे रेघ मारत होते. तो माणूस इथून वीस हातांवर होता, आणि रोज टकटक करून सांगत होता, "आणि मी."

तुला मी माफ केलं आहे का, ते मला माहीत नाही. विचारू नकोस.

शिफारस लिहून झाली. पश्चिमेला एक दिवस आड पाहुणे, तू म्हणालीस तसं. पूर्व कायमची निजलेली. कारणाच्या रकान्यात "पोवळं नाजूक आहे" असं मी लिहिणार नाही. मला तुझं मागचं पत्र जोडायचं आहे. चौकशी होईल. उद्यानाच्या दारावरच्या पाटीवरून तुझं नाव उतरेल. म्हणून विचारते आहे, जोडू का?

आणि तू ये. शेवटच्या बोयाला बोट बांधेन, तांडेलाला मी समजावेन. मोजणी तू कर.

टिटवी


२६ डिसेंबर

टिटवी,

जोड. पाटी आधीच उतरायला हवी होती.

येते. शिडी चढायला हात दे, बाकी काही नको.

आत्या


२५ जानेवारी

प्रिय आत्या,

नीट पोचलीस ना? बसमध्ये बसल्या बसल्या तुझा डोळा लागला होता, म्हणून हाक मारली नाही. बस खच्चून भरलेली होती, तरी तुझ्या शेजारच्या सीटवर कंडक्टरने कुणाला बसू दिलं नाही. मला वाटलं, तुझ्या वयाकडे बघून.

त्या दिवशी बोटीवर जे झालं, ते तुझ्याशी बोलायचं राहिलं. ते आता लिहिते. तू नळ्या मोजल्यास, बेचाळीस. मग ओली डोकी मोजलीस, एकेकाच्या डोक्याला बोट लावून, एक्केचाळीस. पाहुण्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. शिडीखाली टकटक झाली आणि तू वाकून पाण्याकडे बघून म्हणालीस, "आणि तू. बेचाळीस. सोड रे दोर." तांडेल हमसून हमसून रडला. मी तुझ्यावर रागावलेली होते, आत्या, आणि तरी मला तुझा हात सोडवेना.

वरून उत्तर आलं. पूर्व निजलेलीच राहणार. बाकी चौकशीचं बघू, मी आहे.

आता खरी गोष्ट. त्या दिवसापासून आकडे जुळायला लागले. शेवटच्या बोयालाही. एक्केचाळीस नळ्या, एक्केचाळीस डोकी, शिडीखाली नुसतं पाणी. बोट वेळेवर सुटते आणि सगळे खूश आहेत. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटत नाही. सव्वीस वर्षांनी बाप मिळाला आणि दोन महिन्यांत गेला. मी शिडी ओढायच्या आधी जरा जास्तच थांबते. तांडेलही थांबतो.

तुझी,
टिटवी


२ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

नीट पोचले. पण एकटी पोचले नाही, असं दिसतं.

मी आले त्या दिवसापासून वाढणारी बाई आमच्या टेबलावर सहा ताटं मांडते आहे. आम्ही पाचजणी. पहिल्या दिवशी मी म्हटलं, चुकलीस. ती म्हणाली, "मोजूनच मांडली की." दुसऱ्या दिवशी तेच. ती जी स्वतःला विसरते ना, तीही आता पाच मोजते. माझ्या शेजारची खुर्ची दर जेवणाला ओली असते. बाई मला रागावते. म्हणते, आजी, हात कापतो तर पेला अर्धाच घ्या. मी पेला अर्धाच घेते. काल तिने मला विचारलं, तुमच्याबरोबर आलेले ते कमी बोलणारे गृहस्थ जेवणार आहेत का. मी हो म्हणाले.

मला भीती वाटत नाही. पहिल्या रात्री वाटली, आता नाही. खोलीच्या दारावर दोनदा वाजतं आणि मी म्हणते, ये.

तो माझ्यामागे आला, कारण मी त्याला मोजलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मोजलं. पण इथे भिंतीशिवाय बघायला काही नाही, आणि त्याची लेक तिथे शिडीपाशी थांबलेली. मी त्याला हे सांगितलं. काल सकाळी माझी पिशवी दाराशी ठेवलेली होती, तळाशी ओली.

तेव्हा पंधरा तारखेला आम्ही येतो. शेवटच्या बोयाला बांध. मला परत बसमध्ये बसवायला येऊ नकोस, तू बोटीतच थांब, म्हणजे तो तुझ्यापाशी राहील.

आणि नियम तो नियम. त्या दिवशी पाहुणे अडतीसच घे. दोन जागा आमच्या.

तुझी,
आत्या